चाक फोटोसाठी, पीठ मोटरवर: काटोल रोडच्या पाणचक्कीवाल्या हॉटेलचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, जेवणाला पाचपैकी साडेचार, पिठाला तीन आणि बिल्डिंगला दोन, तेही आतल्या एका गोष्टीसाठी, नाहीतर एकच दिला असता. ज्यांना फक्त काय खायचं आणि कधी जायचं तेवढंच पाहिजे त्यांनी सरळ खाली जावं, मधलं सगळं चक्कीबद्दल आहे आणि मी त्यात लांबण लावणार आहे, कारण आमची नागपूरच्या महाल भागात पिठाची चक्की आहे, आजोबांपासूनची, आणि कोणी गावाबाहेर तीन मजली पाणचक्की बांधून तिच्यात हॉटेल टाकलं म्हटल्यावर मी जाणार नाही असं होऊच शकत नाही. हॉटेलचं नाव लिहीत नाही. बरंच वाकडं लिहिणार आहे आणि मॅनेजर माणूस बरा होता. ज्यांना शोधायचं त्यांना चाक रोडवरूनच दिसेल.

बायको, भाचा आणि मी असे गेलो. गेटमधून आत शिरलं की समोर बिल्डिंग, खाली दगडाचं क्लॅडिंग, वर लाकडी फळ्या, एकदम उभ्या उताराचं छप्पर, इंग्लंडच्या खेड्यातली जुनी मिल असते तशी. फोटो बघून बांधली हे उघड आहे, आणि त्यात वाईट काही नाही, सगळेच बघून बांधतात. पण फोटोत दिसते ती बाहेरची बाजू. चक्कीचं सगळं लफडं आत असतं.

चाकापासून सुरू करतो. चौदा-पंधरा फुटाचं लाकडी चाक, सागवान असावं, पॉलिश बढिया, लोखंडी पट्ट्या, मोठाले बोल्ट, सगळं रुबाबात. वरून एक लाकडी पन्हळ येते आणि तिच्यातून पाणी चाकाच्या डोक्यावर पडतं. लांबून वाटतं काय काम केलंय राव. जवळ गेलो तर चाकाला सपाट फळ्या लावलेल्या. आता ज्याला माहीत नाही त्याला वाटेल फळ्या असोत नाहीतर काहीही असो, फिरल्याशी मतलब. तसं नसतं. सपाट फळ्यांचं चाक वाहत्या पाण्यात खालून बुडवायचं असतं, पाणी धडकतं, फळीला ढकलतं, चाक फिरतं. पाणी वरून आणायचं असेल तर फळ्यांच्या जागी खण पाहिजेत, तिरप्या तोंडाचे, म्हणजे पाणी त्यात साठतं, चाकाची एक बाजू जड होते आणि ते वजनच चाकाला खाली ओढत राहतं. धक्का वेगळा आणि वजन वेगळं. जॉन स्मीटन म्हणून इंग्लंडचा इंजिनिअर होता, त्यानं छोटं मॉडेल करून दोन्ही चाकं मोजली आणि १७५९ मध्ये आकडे मांडले, की तेवढ्याच पाण्यात वरून भरणारं चाक खालून ढकललेल्या चाकाच्या जवळपास दुप्पट काम देतं. त्याच्यानंतर मिल बांधणारे जागा असेल तिथे पाणी उंचावरून आणायला लागले, आणि जिथे तेवढी उंची नव्हती तिथे चाकाच्या कमरेवर पाणी सोडायचे, मागून दगडाची गोलाई अगदी चाकाला चिकटून बांधायचे, पाणी निसटू नये म्हणून. म्हणजे कोणतं चाक लावायचं हे जमिनीचा उतार ठरवतो आणि चाक ठरलं की भिंत कुठे, पाया किती खोल, दार कोणत्या बाजूला हे सगळं ठरत जातं. इथे उलटं झालं, आधी दार ठरलं, मग पार्किंग, मग उरलेल्या जागेत चाक.

बरं फळ्यांवर पाणी पडतं आणि जातं कुठे तर सगळं बाहेर उडतं, पहिल्या दोन टेबलांवरचे लोक भिजून राह्यले होते आणि खूशही होते. भाचा डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, हे तं पाण्याच्या उल्टं फिरून राह्यलं नं." खरंच की. पन्हळीतून पाणी पुढे पडतं आणि चाक मागे फिरतं. बाजूला विटांचा एक खोका होता, वर मनीप्लांटची कुंडी, आतून घूंऽ आवाज. गिअरची मोटर. मॅनेजर तिथेच होता, त्याला म्हटलं भाऊ, हे चाक उलटं काहून फिरते, तर तो एकदम सरळ चेहऱ्यानं, "साहेब, अशानं पाणी जास्त उडते, फोटो चांगला येते." मला पुढे बोलताच आलं नाही. म्हणजे मोटर पाण्याच्या विरुद्ध जोर लावून बिल वाढवून राह्यली आणि पंप तेच पाणी परत वर नेऊन राह्यला.

खाली तळं केलंय, कमळं, रंगीत मासे, आणि चाकाचा खालचा भाग दीड-दोन फूट त्या तळ्यात बुडालेला. हेही नाही चालत. वरून पाणी घेणाऱ्या चाकाची खालची कड पाण्याच्या वर मोकळी पाहिजे, नाहीतर साचलेलं पाणी चाकाला मागे ओढतं. जुने मिलवाले पावसाळ्यात नदी चढली आणि चाक बुडालं की दळण बंद करून बसायचे, इलाज नसायचा. म्हणून चाकातून सुटलेलं पाणी पटकन निघून जायला खालचा पाट तेवढाच मन लावून बांधायचे जेवढा वरचा. आपल्याकडे वरचा पाट सगळ्यांना दिसतो, खालचा कोणाला दिसत नाही, इथेही तसंच.

नागपूरला खरी पाणचक्की का नव्हती असं बायकोनं विचारलं, प्रश्न चांगला होता. चक्कीला वर्षभर पाणी पाहिजे आणि पाण्याला उतार पाहिजे. आपली नाग नदी मे महिन्यात काय असते सगळ्यांना माहीत आहे, आणि आहे ते पाणी अंबाझरी, गोरेवाडा, फुटाळा असं तलावात अडवलेलं, ते प्यायला नाहीतर शेतीला, जात्यावर कोण सोडणार. म्हणून घरोघरी हाताचं जातं आणि मग एकदम इंजिन. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली तीच वाफेवर, ती कापडाची मिल होती, पण मिल म्हटलं की नागपूरकराच्या डोळ्यासमोर चिमणी येते, चाक येत नाही. आता तिथे मॉल आहे. पाण्याच्या जोरावर काही फिरताना बघायचंच असेल तर ते तोतलाडोहला, पेंचचा जलविद्युत प्रकल्प, १६० मेगावॅट, तत्त्व तेच, पाणी उंचावरून सोडा आणि काहीतरी फिरवा. युरोपात उलट, तिथे गावोगाव ओढे, इंग्लंडच्या राजानं १०८६ मध्ये सगळ्या देशाची मोजदाद केली त्यात पाच हजारांच्या वर गिरण्या लिहिलेल्या आहेत, आणि त्या सगळ्या पाण्यावरच्या किंवा जनावरांच्या, कारण पवनचक्की तेव्हा तिथे पोचलीच नव्हती.

आता आत जाऊ. तीन मजले आहेत आणि इथे त्यांना मार्क द्यावे लागतात. मिल तीन मजली का असते, रुबाबासाठी नाही, धान्य एकदा वर चढवलं की पुढे खाली येतायेताच सगळं काम व्हावं म्हणून. सगळ्यात वर धान्याच्या कोठ्या, मधल्या मजल्यावर जाती, आणि तळाला पीठ पोत्यात. वर नेतानाच काय ती मेहनत, तीही चाकच करतं, त्याच्या उभ्या दांड्यावरून पट्टा घेऊन पोती ओढायची चरखी फिरवतात, प्रत्येक मजल्याच्या फळ्यांना दोन झाकणाची झडप असते, पोतं खालून धडकलं की उघडते आणि पोतं वर गेलं की आपोआप बंद. किती साधं आणि किती डोक्याचं. या हॉटेलमध्ये वरच्या मजल्यावर खरंच कोठी आहे, गव्हाचं पोतं साखळी-पुलीनं वर जातं, बाहेरच्या बाजूला जो पुढे आलेला लाकडी खोका दिसतो तिथून. मधल्या मजल्यावर दगडाची चक्की, आणि तिथून टीनच्या नळीतून पीठ खाली काउंटरवर. मुलं त्या पुलीभोवती अशी जमतात की विचारू नका. मी वर जाऊन बघितलं, धान्य कोठीतून जात्यात स्वतःच्या वजनानं येतं, कोणी माणूस ओततच नाही. यासाठी ते दोन मार्क. हे कोणी सांगून केलं की जिन्याखाली जागा नव्हती म्हणून झालं ते मॅनेजरलाही सांगता आलं नाही.

पण मधल्या मजल्याची चक्की सरळ स्लॅबवर ठेवलीय. बोल्ट मारून. तिच्याच बाजूला सहा टेबलं. आम्ही तिथेच बसलो होतो आणि चक्की सुरू झाल्याबरोबर पाण्याचे ग्लास किणकिण करायला लागले, ताटातली कढी हलते, बायकोनं माझ्याकडे बघितलं कारण घरी चक्की असलेल्या बाईला हा आवाज बाहेर जेवायला जाऊन ऐकायचा नसतो. दगडाचं वजन, त्याचा वेग, जरा तोल गेला की हादरा, हे आम्ही रोज झेलतो, म्हणून आमची चक्की जमिनीवर, खाली वेगळा पाया, घराच्या भिंतीला कुठेही टेकलेली नाही. हीच गोष्ट जुन्या मिलवाल्यांना पक्की ठाऊक होती. तिथे जाती ज्या सांगाड्यावर बसतात त्याला हर्स्ट फ्रेम म्हणतात, ओकच्या जाड तुळया, पुढे बिडाचे खांब, आणि हा सांगाडा बिल्डिंगच्या आत उभा असतो पण बिल्डिंगचा नसतो. स्वतःचे खांब, स्वतःचा पाया. मजल्याचं लाकूड वेगळं, भिंत वेगळी. एकेक फिरता दगड टनभर वजनाचा, असे दोन-तीन जोड एकाच वेळी चालायचे, ते भिंतीत अडकवले असते तर काही वर्षात भिंतीचे सांधे सुटले असते. त्या मिला दोन-दोनशे वर्षं उभ्या राहिल्या त्याचं हे एक मोठं कारण. मशीनचं घर आणि माणसाचं घर एकात एक पण हात न लावता. या हॉटेलचं एवढं एक जरी कॉपी केलं असतं ना तर माझ्या कढीला लाटा आल्या नसत्या. स्लॅबला खालून बारीक तडा दिसतो, फोटो काढलाय पण टाकत नाही, मॅनेजरला दाखवला, तो म्हणाला मालकाला सांगतो. चक्कीखाली रबराचे पॅड तरी टाका म्हटलं, दहा मिनिटाचं काम आहे.

आणि ते बाहेरचं चाक आणि ही आतली चक्की यांचा काही संबंध नाही हे तर सांगायलाच नको. चाकाचा दांडा भिंतीपर्यंत येतो आणि संपतो, आत त्याच्या नेमकं मागे हात धुवायचं बेसिन आहे. खऱ्या मिलमध्ये ही भिंत म्हणजे सगळ्यात बघण्याची जागा. दांडा भिंतीतून आत येतो, त्यावर एक मोठं दातेरी चाक, अर्धं खड्ड्यात बुडालेलं, त्याला पिट व्हील म्हणतात. ते उभं फिरतं. त्याच्यावर एक लहान चाक आडवं बसतं, वॉलोअर, आणि इथे फिरणं उभ्याचं आडवं होतं. मग उभ्या दांड्यावर दुसरं मोठं दातेरी चाक आणि त्याच्या कडेनं प्रत्येक जात्याचं छोटं चाक. बाहेरचं चाक मिनिटाला आठ-दहा फेरे मारतं, रमतगमत, आणि आतलं जातं शंभराच्या वर. रोमन लोकांच्या वेळेस विट्रुव्हियसनं असंच उभं चाक आणि दातेरी चाकांची जोडी लिहून ठेवलीय, येशू जन्माच्या आधीच्या शतकात. फ्रान्समध्ये बार्बेगालला त्यांनी दुसऱ्या शतकात डोंगराच्या उतारावर १६ चाकं बसवली, आठ-आठच्या दोन रांगा, एका चाकातून सुटलेलं पाणी खालच्या चाकावर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप नाही आली, आमच्याकडे एक मोटर जळाली की तीन दिवस दुकान बंद.

दात्यांची एक गोष्ट सांगू द्या, मग पुढे जातो. लोखंडाच्या चाकात लाकडाचे दाते बसवायचे, सफरचंदाच्या झाडाचं लाकूड किंवा हॉर्नबीमचं, कारण लोखंडावर लोखंड घासलं की आवाज आणि ठिणगी, आणि तुटलंच तर महागाचं चाक तुटण्यापेक्षा एक दाता तुटलेला परवडतो, सुतार संध्याकाळी दुसरा ठोकून देतो. शिवाय दात्यांची संख्या मुद्दाम अशी ठेवायची की दोन चाकांचे तेच तेच दाते पुन्हा पुन्हा एकमेकांना भेटू नयेत, एक दाता जास्तीचा टाकायचा, म्हणजे झीज सगळीकडे सारखी. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणतो मामा आम्हाला सेमिस्टरला हंटिंग टूथ म्हणून आहे हे. घ्या.

इंग्लंडचीच मिल का कॉपी करायची हा माझा खरा प्रश्न आहे. आपल्या महाराष्ट्रात पाणचक्की आहे, छत्रपती संभाजीनगरला, बाबा शाह मुसाफिर दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी. १७४४ ची. डोंगराकडून काही किलोमीटर लांबून पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून येतं, मग उंच भिंतीच्या आतून वर चढतं, मागे स्रोत त्याहून उंच आहे म्हणून चढतं, आणि वरून हौदात धो धो पडतं. तेच पाणी जात्याखालच्या पात्यांवर सोडलेलं. यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी दळण व्हायचं. पण मला त्याहून आवडला तो हौद. पुढचा मोठा लांबट हौद नंतर बांधला, आणि त्याचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत, दगडी खांबांच्या रांगांवर तोललेलं. डोक्यावर पाणी, खाली माणसं बसलेली, बाहेर ऊन तापलेलं असलं तरी आत गारवा. आता मला सांगा, नागपूरला, जिथे मे मध्ये पंचेचाळीस म्हणजे नॉर्मल, तिथे पाण्याच्या नावानं हॉटेल काढायचं तर हे करायचं की बर्फ घसरून पडावा म्हणून केलेलं उभं छप्पर? इथे बर्फ कोणता पडते बाप्पा, गारा पडल्या तर संत्र्याचं नुकसान तेवढं होते. त्या छपराखालचा वरचा मजला दुपारी भट्टी झालेला असतो, दोन कूलर लावलेत आणि तरी वेटर तिथे जायला कुरकुरतात.

आणि स्वस्तात करायचं असेल तर उत्तराखंडचं घराट बघा. आम्ही चारधामला गेलो तेव्हा रस्त्याच्या खाली ओढ्यावर दिसलं, सगळे चहाला थांबले आणि मी खाली उतरलो. दगडमातीची एवढीशी खोली, ओढ्याच्या पाटावरच बांधलेली, लाकडाच्या उतरत्या नळीतून पाणी जोरात खाली येतं, खोलीच्या खाली आडवं चाक, लाकडी पाती, त्याचा दांडा सरळ वर जमिनीतून आत आणि त्यावरच जातं. गिअर नाही, दातेरी चाक नाही, काही नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. खोलीची उंची माणूस वाकून उभा राहील एवढी. वर धान्याची शंकूसारखी टोपली आणि तिच्या तोंडाला लाकडाचा एक तुकडा, तो फिरत्या दगडावर टकटक करतो आणि त्या हादऱ्यानं दाणे पडत राहतात, दगड जोरात फिरला की दाणे जास्त, हळू झाला की कमी. आपोआप. इंग्लंडच्या मिलमध्येही हीच युक्ती आहे, तिथे त्या टकटक करणाऱ्या दांड्याला डॅम्सेल म्हणतात, आणि वर धान्याखाली दाबून ठेवलेला एक पट्टा असतो, धान्य संपत आलं की पट्टा सैल होतो आणि घंटी वाजते. ही घंटी फार गरजेची, कारण रिकामं जातं फिरलं तर दगडाला दगड लागतो, ठिणगी पडते, दगड खराब.

ठिणगीवरून आठवलं, आणि हे गमतीत घेऊ नका. पीठ जिथून खाली येतं त्या काउंटरच्या अगदी बाजूला लंबी रोटीची चूल आहे. उघडी चूल, वर पालथा मटका. बघायला छान, लोक उभे राहून व्हिडिओ काढतात. पण पिठाची धूळ हवेत उडत असताना बाजूला जाळ म्हणजे मला बघवत नाही. अमेरिकेत मिनियापोलिसला वॉशबर्न ए मिल म्हणून त्या काळातली प्रचंड गिरणी होती, पाण्यावरच चालणारी, २ मे १८७८ ला पिठाच्या धुळीचा भडका होऊन उडाली, १८ माणसं गेली, आजूबाजूच्या गिरण्याही गेल्या. इथे रोजचं पाच-दहा पायली दळण, तेवढं काही होणार नाही हे मलाही कळतं, पण मध्ये एक भिंत टाकायला काय जातं. आमच्या चक्कीत वडील बिडी पिणाऱ्याला दारातच थांबवायचे.

पीठ. दोन किलो शरबती घेतलं. अंगठा आणि बोटात घेऊन घासलं, बारीक आहे, एकसारखं आहे, दगडाला टाकी नीट लावलेली आहे, म्हणजे छिन्नीनं खाचा ताज्या केलेल्या आहेत, हे कळतं, कारण दगड बोथट झाला की तो दाणा कापत नाही, चिरडतो, आणि कोंडा भुकटी होऊन पिठात जातो. इथे कोंडा मोठ्या पापुद्र्यात निघतो, चाळून काढता येतो, शाबास. जुने लोक दोन दगडात मधोमध थोडी जास्त आणि कडेला कागदाएवढी फट ठेवायचे, दगड एकमेकांना कधीच लागू द्यायचे नाहीत, ही फट राखणं म्हणजेच चक्कीवाल्याची सगळी कारागिरी. यांचा चक्कीवाला पोट्टा कोण आहे माहीत नाही पण त्याला येतं. पीठ हाताला कोमट लागलं, गरम नाही. मग तीनच मार्क का, तर पोती ठेवलीत चाकाच्या भिंतीला लागून. ज्या भिंतीवर बाहेरून दिवसभर पाणी उडतं. भिंत आतून ओली, खाली पोपडे, आणि घरी येऊन डबा उघडला तर पिठात बारीक गोळे आणि जरासा कुबट वास. अहो धान्याची कोठी सगळ्यात वर असते त्याचा हाही एक फायदा, की ओल तिथे पोचत नाही! त्यांच्याकडे वर कोठी आहे, तरी पीठ ओलीला. वर ठेवा, नाहीतर लाकडी पाट टाकून भिंतीपासून हातभर दूर तरी ठेवा.

जेवणाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. लंबी रोटी अशी की हातावर धरली तर पलीकडचं दिसतं, आणि ती तेव्हाच जमते जेव्हा पीठ चाळून कोंडा नीट निघालेला असतो, म्हणजे वरच्या दगडाचं श्रेय खालच्या मटक्यापर्यंत येतं. बनवणाऱ्या बाई काटोलकडच्याच, त्यांना म्हटलं मावशी हात काय चालतो तुमचा, तर म्हणाल्या, "हात नाही चालत भाऊ, कणीक ऐकते." रोडगे मागवले तर त्याला जाडसर वेगळं दळण वापरतात, हे कुठेच करत नाहीत, सगळे पोळीच्याच पिठाचे रोडगे करतात आणि मग ते आत कच्चे नाहीतर दगड होतात. इथे फोडल्याबरोबर भुगा, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी, तिखट बरंच पण पोटाला त्रास नाही. पाटवडीचा रस्सा सावजी पद्धतीचा, तर्री वर, खोबरं-खसखस भरपूर. सांबारवडी साधी होती. गोळाभात गार आला, परत पाठवला, गरम आला, वर फोडणीचं तेल मात्र कंजूसपणे. संत्र्याची रबडी सीझनमध्येच घ्या, बाकी वेळेस इसेन्सची लागते. बायको कढीवर खूश, ती सहसा बाहेरच्या कढीवर खूश होत नाही.

सर्व्हिस ठीक. मॅनेजरनं माझं सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं, चाक सरळ फिरवायचं तेवढं नाही लिहिलं. खण लावा, पाणी खरंच चाकाला फिरवू दे, मोटर काढा, पंपाचं बिल तसंही भरताच आहात, दिवसातून तासभर एखादं छोटं जातं जोडून दाखवा, लोक त्यालाच पैसे देतील, असं म्हटलं. तो म्हणाला शाळेच्या सहली येतात साहेब, विचार करतो. आम्ही निघालो तेव्हा खरंच शाळेची एक बस आत येऊन राह्यली होती आणि मास्तर मुलांना सांगत होते की बघा, पाणी चाक कसं फिरवतं. भाच्यानं माझा हात धरला म्हणून मी उतरलो नाही.

ज्यांना फक्त कामाचं पाहिजे त्यांच्यासाठी. चक्की सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या पुढे चालते, शांत जेवायचं असेल तर मधला मजला सोडून तळाला बसा, फक्त चाकाच्या बाजूची टेबलं नका घेऊ. तळ्यामुळे डास आहेत, संध्याकाळी मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे. रोडगे आल्याबरोबर सांगा, पाऊण तास लागतो. दोघांचं जेवण सहाशे-सातशेत होतं. रविवारी वेटिंग फार. पीठ घ्यायचं असेल तर पोत्यातलं घेऊ नका, नळीखाली उभं राहून समोर पडतं ते घ्या, देतात, मागावं लागतं.